रेड डेव्हिल: खडकाचा पारा किती, खाणीचा किती?

हिंगूळ, सुरमा, मनशीळ, हरताळ. काष्ठौषधींच्या जुन्या दुकानांत ही चार नावं एकाच फळीवर सापडायची. अलास्काच्या नैऋत्येला, कुस्कोक्विम नदीच्या काठावर, एक खाण अशी आहे की तिथे ही चारही खनिजं एकाच शिरेत, म्हणजे खडकातल्या खनिजांनी भरलेल्या भेगेत, सापडतात. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड, सुरमा अँटिमनीचं, मनशीळ आणि हरताळ ही दोन्ही आर्सेनिकची. खाण पाऱ्यासाठी चालली आणि १९७१ मध्ये बंद पडली. तिचं नाव रेड डेव्हिल. हिंगुळाच्या लाल रंगाची ओळख झाली की त्या नावाचं नवल वाटत नाही.

हे प्रकरण मी भूशास्त्राच्या बाजूने मांडतो आहे. सोडून दिलेल्या खाणीच्या सफाईची चर्चा बहुतेक वेळा यंत्रं, खर्च आणि कायदा यांच्याभोवती फिरते. रेड डेव्हिलमध्ये मात्र प्रत्येक वळणावर निर्णय अडला तो खडकापाशी. जागा खरी आहे. माणसांची आणि खाण चालवणाऱ्या कंपन्यांची नावं घेतलेली नाहीत. या गोष्टीला त्यांची गरजही नाही.

पार्श्वभूमी

रेड डेव्हिल अँकरेज शहराच्या पश्चिमेला सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. तिथवर रस्ता जात नाही. नदी मोकळी असते तेव्हा बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू होडी, एरवी छोटं विमान. खाणीच्या नावाचंच गाव म्हणजे मूठभर घरं. नदीच्या वरच्या अंगाला स्लीटम्यूट आणि खालच्या अंगाला क्रुकेड क्रीक ही जवळची वस्ती. युपिक आणि अथाबास्कन या इथल्या मूळ रहिवाशांच्या या गावांत मासा हे रोजचं अन्न आहे. उन्हाळ्यात समुद्रातून चढून येणारा सामन, आणि वर्षभर नदीतच राहणारे पाइक आणि बर्बट.

१९३३ मध्ये एका धातुशोधकाला इथे हिंगूळ सापडला. पुढची चाळीसेक वर्षं खाण पाऱ्याच्या भावाबरोबर सुरू होत आणि बंद पडत राहिली. १९५४ मध्ये आगीत वरच्या बहुतेक इमारती जळाल्या, त्यानंतर नवी भट्टी उभी राहिली. शेवटच्या दोन वर्षांत, १९६९ ते १९७१, भट्टीऐवजी फ्लोटेशनची पद्धत वापरून, म्हणजे दळलेलं खनिज पाण्यावरच्या फेसात तरंगवून, हिंगूळ आणि सुरम्याचं सांद्रण काढलं गेलं आणि ते जहाजाने जपानला गेलं. मग भाव पडले आणि काम थांबलं.

एकूण उत्पादन सुमारे ३५ हजार फ्लास्क. पाऱ्याचा व्यापार फ्लास्कमध्ये चालतो. एक फ्लास्क ७६ पौंडांचा, म्हणजे साडेचौतीस किलोंचा. पारा इतका जड की एवढं वजन अडीच लिटरच्या लोखंडी बाटलीत मावतं. त्या हिशेबाने इथून १,२०० टनांच्या आसपास पारा बाहेर गेला. अलास्कात एवढा पारा दुसऱ्या कुठल्याही खाणीने दिलेला नाही. जमिनीखाली जवळजवळ तीन किलोमीटर बोगदे राहिले. पंप थांबले आणि ते पाण्याने भरून गेले.

शीर कशी बनली

इथे थोडा वेळ थांबायला हवं, कारण पुढचा प्रत्येक प्रश्न या रचनेतून निघतो.

खाणीभोवतीचा खडक कुस्कोक्विम समूहाचा आहे. क्रिटेशियस काळाच्या उत्तरार्धात एका खोल समुद्राच्या तळाशी चिखल-वाळूचे लोंढे थरावर थर टाकत गेले. त्यांचा ग्रेवॅक नावाचा मातकट वालुकाश्म झाला आणि त्यात गाळाच्या घट्ट, काळपट चिखलखडकाचे पट्टे राहिले. नंतर या थरांना घड्या पडल्या, आणि घड्या पडलेल्या थरांत बेसॉल्टच्या जातीचा वितळलेला खडक भेगांमधून घुसला. त्याचे डाईक झाले.

धुळे-नंदुरबारकडे फिरलेल्यांना डाईक ओळखीचा असतो. शेतांमधून, डोंगरांवरून सरळ रेषेत गेलेल्या त्या काळ्या दगडी भिंती. आजूबाजूचा खडक झिजतो, डाईक उभा राहतो. रेड डेव्हिलचे डाईक याच्या अगदी उलट आहेत. त्यांच्यातून गरम पाणी इतकं फिरलं की बेसॉल्टची मूळ खनिजं ओळखू येईनाशी झाली. त्यांच्या जागी कार्बोनेट, सिलिका आणि चिकणमातीसारखी मऊ खनिजं बसली. ज्याला आपण भिंत म्हणतो तीच इथे सगळ्यात कच्ची जागा ठरली.

मग भ्रंश आले, म्हणजे ज्यांच्या दोन्ही बाजूंचा खडक सरकलेला असतो अशा भेगा. वायव्येकडे जाणारे, बहुतांशी थरांना समांतर सरकणारे. त्यांनी डाईक तुकड्यातुकड्यांत कापले आणि उजवीकडे ढकलले. भ्रंश डाईकला कापतो तिथे दोन्हीकडचा खडक मोडलेला असतो, पाण्याला वाट मिळते. शिरा तिथेच भरल्या. दोन प्रतलं एकमेकांना एका रेषेत छेदतात, त्यामुळे धातूचे साठेही रेषेसारखे झाले: तिरके खाली उतरणारे, पेन्सिलीच्या आकाराचे, एकमेकांपासून सुटे. अशा डझनावारी पेन्सिली. त्यांतलं खनिज श्रीमंत होतं. बहुतेक ठिकाणी पाऱ्याचं प्रमाण २ ते ५ टक्के, तर काही ठिकाणी ३० टक्क्यांपर्यंत. हिंगुळाच्या बरोबरीने सुरमा, काही भागांत हिंगुळाहूनही जास्त. मनशीळ आणि हरताळ थोड्या प्रमाणात. भोवती क्वार्ट्झ, कार्बोनेट, चिकणमाती.

हे सगळं साधारण ७ कोटी वर्षांपूर्वी घडलं. आपल्या दख्खनच्या लाव्हाच्या मुख्य उद्रेकांच्या थोडंसं आधी. त्या काळात नैऋत्य अलास्काच्या कवचात ठिकठिकाणी शिलारस घुसत होता. त्याच्या उष्णतेने गाळखडकांतल्या खनिजांमधलं पाणी सुटलं. सुमारे २०० अंश तापलेलं हे पाणी त्याच खडकांतला पारा आणि गंधक सोबत घेऊन भेगांमधून वर आलं आणि निवताना शिरा भरत गेलं.

यातली एक गोष्ट नीट धरून ठेवायला हवी: पारा दुरून आलेला नव्हता. तो त्याच गाळखडकांतला होता आणि ते खडक शेकडो किलोमीटर पसरलेले आहेत. म्हणून रेड डेव्हिल ही एकटी जागा नाही. कोल्माकोफ, डीकर्सी माउंटन, सिनाबार क्रीक, आणि यांशिवाय कितीतरी छोट्या खुणा मिळून पाऱ्याचा एक अख्खा पट्टा तयार होतो. त्याच प्रदेशात डॉनलिनचा सोन्याचा मोठा साठा आहे, आणि त्यातही आर्सेनिक, अँटिमनी, पारा आहेच.

भट्टीने काय बदललं

शिरेतला हिंगूळ तसा गरीब स्वभावाचा. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाण्याच्या आठपट जड असल्याने ओढ्यात वाहून गेला तरी तळाशी बसून राहतो. खाण नसती तर त्यातला पारा अगदी सावकाश सुटला असता.

पारा काढायचा तर हिंगूळ भाजावा लागतो. तापवल्यावर गंधक वायू होऊन जातो, पाऱ्याची वाफ होते, ती थंड करून पारा गोळा करतात. पण भट्टीत फक्त हिंगूळ जात नव्हता. सुरमा साडेपाचशे अंशांच्या आसपास वितळतो, चिकटतो, त्याची भस्मं वाफेबरोबर वाफ निववणाऱ्या नळ्यांत जाऊन बसतात. मनशीळ आणि हरताळ भाजले की जे बनतं त्याला मराठीत फार जुनं नाव आहे: सोमल. म्हणजे आर्सेनिकचं पांढरं भस्म, जे पाण्यात विरघळतं.

भाजून उरलेला दगड भट्टीबाहेर टाकला जाई. या टेलिंग्जमधला पाराही आता पूर्वीचा राहिलेला नसतो. थोडा न भाजलेला हिंगूळ, थोडे धातुरूप थेंब, थोडी विरघळणारी लवणं. हा ढीग रेड डेव्हिल क्रीक नावाच्या छोट्या नाल्याच्या दोन्ही अंगांना साठला. नाला आवाराच्या मधोमध वाहतो आणि थोड्याच अंतरावर कुस्कोक्विमला मिळतो. ढीग ढासळत नाल्यात उतरला, आणि नाल्याच्या मुखाशी भाजलेल्या दगडांचा पंखा नदीत पसरला.

इथे खडकाने आणखी एक गोष्ट ठरवून ठेवली होती. पुष्कळ सल्फाइड खाणींतून आम्ल पाणी गळतं, नाले नारिंगी होतात, पाण्यात तांबं-जस्त येतं. रेड डेव्हिलच्या खडकात आणि बदललेल्या डाईकमध्ये कार्बोनेट भरपूर; आम्ल तयार करणारं लोहमाक्षिक, म्हणजे लोहाचं सल्फाइड, कमी. आम्ल तयार झालं तरी जागीच मारलं जातं. ऐकायला हे चांगलं वाटतं. पण आर्सेनिक आणि अँटिमनीला आम्लाची गरजच नसते. साध्या, उदासीन पाण्यात ते ऑक्सिजनशी जोडी करून निवांत वाहतात. नाल्याच्या काठावर एक झरा आहे, त्याच्या तोंडाशी लोहाचा नारिंगी साका बसतो आणि थोडं आर्सेनिक धरून ठेवतो. बाकीचं पुढे जातं.

म्हणजे खाण पाऱ्याची, नाव पाऱ्याचं, लोकांच्या मनातली भीतीही पाऱ्याची. पण नाल्याच्या पाण्यात विरघळून जाणारा माल प्रामुख्याने आर्सेनिक आणि अँटिमनी. पारा मुख्यतः कणांच्या रूपाने गाळात बसून हलतो, आणि त्याचं खरं संकट वेगळ्याच ठिकाणी तयार होतं. मंद पाण्याच्या, ऑक्सिजन नसलेल्या दलदलीत जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. तो माशांत चढत जातो.

अडचण

जमीन अमेरिकेच्या केंद्र सरकारची. सांभाळ ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे. दूषित जागांच्या केंद्रीय कायद्याखाली त्यांनी २००९ पासून सविस्तर तपास हाती घेतला आणि पहिल्याच टप्प्यावर प्रश्न उभा राहिला: साफ म्हणजे किती साफ?

कुठल्याही सफाईला पार्श्वपातळी लागते, म्हणजे खाण नसती तर या मातीत, या पाण्यात किती पारा आणि आर्सेनिक असतं त्याचा आकडा. साधारण प्रथा अशी की खाणीच्या वरच्या अंगाला, काम न झालेल्या जागी नमुने घ्यायचे. पण खाण तिथेच का काढली? कारण पारा तिथे होता. वरच्या अंगाची, शिरा नसलेल्या ग्रेवॅकवरची माती मोजली तर आकडा लहान येतो, आणि डाईक-भ्रंशांच्या पट्ट्यातली निसर्गाचीच माती दूषित ठरते. उलट शिरांवरची, कधीही न खणलेली माती मोजली तर आकडा एवढा मोठा येतो की खाणीचा ढीगही निर्दोष वाटू लागतो. दोन्ही आकडे खरे आहेत. कुठला निवडायचा यावर किती हजार घनमीटर माती उचलायची ते ठरतं.

भूजलात हा गुंता आणखी वाढतो. ढिगातून झिरपणारं पाणी, बुडालेल्या बोगद्यांतलं पाणी, आणि कुणीही हात न लावलेल्या पेन्सिलींना स्पर्श करून येणारं पाणी एकाच मोडलेल्या खडकातून वाहत एकाच नाल्यात उतरतं. विहिरीत आर्सेनिक सापडलं तर ते या तिघांपैकी कोणाचं?

निर्णयाचे टप्पे आणि समोरचे पर्याय

पहिला मोठा निर्णय याच्याही आधीचा. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मोडकळलेल्या इमारती पाडल्या गेल्या आणि मलबा आवारातच पुरला. त्या वेळी ते समजण्यासारखं होतं. पडकी भट्टी, गंजलेल्या टाक्या, आत शिरणारी माणसं, हा डोळ्यांना दिसणारा धोका होता. पण ढीग नाल्यात उतरत राहिला. मला हा क्रम चुकीचा वाटतो. इमारती कुठे जाणार नव्हत्या. गाळ दर वसंतात, बर्फ वितळलं की, नदीकडे सरकत होता.

दुसरा निर्णय नाल्याचा. संपूर्ण तपास पूर्ण होईपर्यंत थांबायचं की आधीच हात घालायचा? इथे तीन वाटा तोलल्या गेल्या. नाला पाइपात घालायचा. त्याच्या तळाला अस्तर करायचं. किंवा नाल्याच्या पात्रातला आणि काठाचा ढीग उचलून मागे घ्यायचा. पाइप आणि अस्तर स्वस्त आणि झटपट. पण हिवाळ्यात नाला गोठतो, वसंतात बर्फाचे तुकडे घासत येतात, आणि दुरुस्तीला माणूस पोचायचा तर विमान लागतं. ज्या जागी वर्षातून एकदा-दोनदाच पाहणी होणार, तिथे जो उपाय मोडल्यावर पूर्वीपेक्षा वाईट होतो तो घेऊ नये. म्हणून ढीग मागे घेण्याची वाट निवडणं मला या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं.

तिसरा निर्णय, आणि सगळ्यात मोठा: ढिगाचं शेवटी काय करायचं. काहीच न करणं हा पर्याय कागदावर असतोच. कुंपण, फलक, वापरावर बंधनं हा दुसरा. तिसरा, सगळी टेलिंग्ज आणि दूषित माती गोळा करून आवारातल्याच उंच जागी, पाण्यापासून दूर, झाकणाखाली साठवायची. चौथा, सगळं उचलून दूर न्यायचं: बार्जने कुस्कोक्विमच्या मुखापर्यंत, तिथून समुद्री जहाजाने दक्षिणेकडच्या राज्यांतल्या धोकादायक कचऱ्याच्या परवानाधारक डेपोपर्यंत. नदीकाठच्या गावांना चौथा पर्याय जवळचा वाटणं साहजिक आहे. विष आपल्या दारातून कायमचं जावं, यापेक्षा रास्त मागणी काय असणार? पण खडकाची गोष्ट इथे पुन्हा आडवी येते. ढीग गेला तरी शिरा राहतात. शिवाय हजारो टन माल नदीवर चढवताना एखादी बार्ज उलटली तर जे आत्ता एका नाल्यापुरतं आहे ते मासेमारीच्या मुख्य पात्रात पोचतं. तपासानंतरच्या प्रस्तावाचा कल जागेवरच्या साठवणीकडे राहिला.

मला तिसरा पर्याय पटतो, एका अटीवर. साठवणीची जागा निवडताना खालच्या खडकाचा नकाशा आधी हवा. मऊ पडलेल्या डाईकवर किंवा भ्रंशावर ती बसली, तर झाकण कितीही चांगलं असो, तळातून पाण्याला वाट मोकळीच राहते.

प्रत्यक्षात काय केलं

२०१४ च्या उन्हाळ्यात यंत्रं बार्जने आणली गेली. नाल्याच्या पात्रातली आणि काठावरची टेलिंग्ज खणून मागे घेतली, काठाचा उतार कमी केला, पात्र नव्याने आखलं आणि खाली गाळ अडवण्यासाठी सापळा बांधला. हा कायमचा उपाय नाही, असं तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. ढीग जागेवरच होता; फक्त त्याचा पाय पाण्यातून काढून घेतला.

तपासाच्या बाजूने ढिगात आणि खालच्या खडकात बोअर घेतले, नाल्यात वरपासून खालपर्यंत पाणी आणि गाळ मोजला. एक काम मला विशेष महत्त्वाचं वाटतं. तपास करणारे मातीतला एकूण पारा मोजून थांबले नाहीत. तोच नमुना आधी साध्या पाण्याने, मग पोटातल्या आम्लाच्या ताकदीच्या द्रावाने, मग क्रमाने अधिक तीव्र द्रावांनी धुतला आणि प्रत्येक पायरीला किती पारा सुटतो ते पाहिलं. हिंगूळ अगदी शेवटच्या पायरीला हार मानतो. भट्टीतून आलेली लवणं पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत सुटतात. एकूण आकडा सारखा असलेल्या दोन मातींत धोका किती वेगळा आहे, ते अशाने कळतं.

तिसरी बाजू माशांची. २०१० ते २०१४ या काळात अनेक सरकारी खात्यांनी मिळून मधल्या कुस्कोक्विमचे मासे आणि पाण्यातले किडे तपासले. पाइक आणि बर्बटच्या अंगात छोटे रेडिओ-प्रेषक बसवून त्यांचा माग काढला. कल्पना साधी होती: मासा कुठे राहतो हे कळलं नाही, तर त्याच्या अंगातला पारा कुठला हे कसं सांगणार?

काय निष्पन्न झालं

रेड डेव्हिल क्रीकमधल्या छोट्या माशांत पारा, आर्सेनिक आणि अँटिमनी तिन्ही स्पष्टपणे जास्त निघाले. हे मासे नाला सोडून जात नाहीत. तिथे खाणीचा हात स्पष्ट दिसतो.

मोठ्या माशांनी मात्र वेगळीच गोष्ट सांगितली. पाइक आपापल्या उपनदीला धरून राहणारे निघाले, आणि सगळ्यात जास्त पारा जॉर्ज नदीच्या पाइकमध्ये सापडला. जॉर्ज नदी खाणीच्या खालच्या अंगाला, समोरच्या बाजूने येऊन कुस्कोक्विमला मिळते. खाणीतलं पाणी तिच्यात वर चढू शकत नाही. मग तिथला पारा कुठून? जॉर्जचं खोरंही त्याच गाळखडकांतून जातं, तिथेही खनिजांच्या खुणा आहेत, संथ पाण्याच्या दलदली आहेत, आणि पाइक हा बरीच वर्षं जगून दुसरे मासे खाणारा मासा आहे. पारापट्ट्याचा नकाशा जेवणाच्या ताटात उतरतो तो असा.

राज्याच्या आरोग्य खात्याने मधल्या कुस्कोक्विममधल्या पाइक आणि बर्बटसाठी, मुख्यतः मूल होण्याच्या वयातल्या स्त्रिया आणि लहान मुलांसाठी, किती खावं याचं मार्गदर्शन दिलं. सामन समुद्रात वाढून येतो, त्याच्यात पारा कमी असतो, आणि तो खात राहा असं त्यात मुद्दाम सांगितलं. हे मुद्दाम सांगणं फार मोलाचं होतं. "माशांत पारा आहे" एवढंच वाक्य गावात पोचलं असतं, तर लोकांनी सगळेच मासे सोडले असते आणि विमानाने येणाऱ्या महाग डब्यांवर आले असते.

जागेच्या बाजूने सांगायचं तर नाल्याच्या पात्रात ढीग थेट ढासळणं थांबलं. भूजलाचा प्रश्न मात्र २०१४ च्या कामाने सुटणार नव्हता आणि सुटला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, क्रम. ढिगाचा पाय पाण्यातून काढणं हे काम इमारती पाडतानाच, तीच यंत्रं तिथे असताना, करता आलं असतं. अशा दूरच्या जागी यंत्र पोचवणं हाच खर्चाचा मोठा भाग असतो. एकदा पोचलेलं यंत्र परत पाठवण्याआधी दुसरं काय उरकता येईल, हे विचारायला हवं होतं. मलबा आवारातच पुरल्यामुळे पुढच्या आखणीत त्या खड्ड्यांचाही हिशेब करावा लागला तो वेगळाच.

दुसरं, पार्श्वपातळीसाठी एकच आकडा शोधण्याचा हट्ट. मी असतो तर तीन ठेवले असते: शिरा नसलेल्या ग्रेवॅकचा, बदललेल्या डाईकचा, आणि न खणलेल्या शिरेचा. १९६३ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या खाणीचा तपशीलवार अहवाल छापला होता. खाण चालू असतानाचे डाईक, भ्रंश आणि साठे त्यात आखलेले आहेत. तो नकाशा मातीच्या नमुन्यांवर ठेवला की प्रत्येक नमुन्याला आपापला शेजारी खडक मिळतो. पार्श्वपातळी ही प्रदेशाची गोष्ट मानण्याऐवजी खडकाची मानली असती, तर वाद पुष्कळ कमी झाला असता असं मला वाटतं.

तिसरं, पाऱ्याचे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वजनाने किंचित वेगळे अणू. हिंगूळ भट्टीत भाजला जातो तेव्हा हलके समस्थानिक वाफेबरोबर तुलनेने जास्त निघून जातात आणि उरलेल्या चोथ्यात जड समस्थानिकांचं प्रमाण किंचित वाढतं. पाऱ्याच्या इतर जुन्या खाणींवर हा फरक मोजला गेला आहे. नाल्याच्या गाळातला पारा भाजलेल्या ढिगातला की न भाजलेल्या शिरेतला, हा प्रश्न विचारायला याहून सरळ साधन नाही. माशांपर्यंत जाताना मिथाइल होण्याच्या क्रियेतही समस्थानिक सरकतात, त्यामुळे पाइकच्या बाबतीत उत्तर इतकं सरळ मिळणार नाही. पण निदान गाळापुरतं मिळेल.

आणि चौथी गोष्ट गावांशी बोलण्याची. रेड डेव्हिल आणि स्लीटम्यूटच्या लोकांसमोर "खाणीतून किती येतं" आणि "नदीत किती आहे" हे दोन प्रश्न बराच काळ एकत्रच मांडले गेले. जॉर्ज नदीच्या पाइकचा निकाल आला तेव्हा दोन्ही बाजूंना तो आपलाच वाटला असणार: कुणाला खाण सुटल्यासारखी, कुणाला सरकार हात झटकतंय अशी. प्रेषक माशांच्या अंगात बसवण्याआधीच, खडकाचे तुकडे टेबलावर ठेवून, हिंगुळाचा पट्टा कुठून कुठे जातो आणि त्यातला किती भाग माणसाने खणला आहे, हे सांगता आलं असतं. स्लीटम्यूटमधल्या एखाद्या आजीला हे समजायला भूशास्त्राची पदवी लागली नसती. नदीकाठच्या लाल दगडांना तिच्या आधीच्या पिढ्याही ओळखत होत्या.

आता उरला आहे तो भूजलाचा प्रश्न. बुडालेल्या बोगद्यांच्या खालच्या पातळ्या नदीच्या पातळीपेक्षा खोल आहेत. ढीग हलवला, झाकला, तरी वसंतात बर्फ वितळून पाणी वाढतं तेव्हा त्या पेन्सिलींमधून किती आर्सेनिक आणि अँटिमनी नाल्यात उतरतं, हे ढिगाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला, त्याच आठवड्यात, त्याच पाण्यात मोजत राहावं लागेल. ते आठवडे मे महिन्यातले. तेव्हा नदीत बर्फ असतो, बार्ज अजून चालू झालेली नसते, आणि नमुन्यांच्या बाटल्या घेऊन येणाऱ्या विमानाला धावपट्टीवरचा चिखल वाळायची वाट पाहावी लागते.